चार वाजताचं घर

१

बुधवारी सकाळी मालकांच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी पडले होते आणि मालक खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत होते. समोरच्या इमारतीत समोरची वाहिनी. मध्ये फक्त एक रस्ता आणि एक सिग्नल. गेली तीस वर्षं आम्ही त्यांचे प्रेक्षक पळवतो आणि ते आमचे. येता-जाता सिग्नलला भेट झाली तर एकमेकांना नमस्कारही करतो.

"वाचा," मालक म्हणाले.

पहिला कागद म्हणजे वर्तमानपत्राचं कात्रण. समोरच्यांच्या नव्या हंगामाची जाहिरात, दीड आठवड्यापूर्वीच्या रविवारची. दुसरा कागद त्यानंतरच्या आठवड्याच्या प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांचा. आमचे अकरा नवे कार्यक्रम, आणि अकराही सपशेल आपटलेले.

"आपली मोठी मालिका नऊला. त्यांची कितीला? आठ पन्नासला. आपला सिनेमा सातला, त्यांचा सहा पन्नासला. अकराच्या अकरा ठिकाणी बरोबर दहा मिनिटं आधी."

या दहा मिनिटांत काय असतं, ते आमच्या धंद्यात शिपायालाही ठाऊक असतं. माणूस दहा मिनिटं एका गोष्टीत रमला की रिमोट खाली ठेवतो. मग पलीकडे तुम्ही सोन्याचा डोंगर उभा केलात तरी तो बघायला येत नाही.

"आपल्या वेळा सोमवारी जाहीर झाल्या. यांची जाहिरात रविवारी छापली. म्हणजे आतून कोणीतरी दिल्या." मालक वळले. "आणि ते कोणी, तेही कळलंय. शेड्युलिंगमधली धाकटी. तिच्या फोनमध्ये वेळांच्या तक्त्याचा फोटो निघाला. शुक्रवारी पाच वाजता तिला काढतोय, आणि का काढलं ते सगळ्या वाहिन्यांना कळवतोय. तुम्ही अहवालावर सही करा."

मी इथली दक्षता अधिकारी. पद भारदस्त, काम औषधांची खोटी बिलं पकडायचं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत आणि घरी टीव्ही नाही, यावरून लोक माझी यथेच्छ थट्टा करतात.

"फोटो निघाला म्हणजे? झडती घेतलीत?"

"नाही. फोटो कोणाकडे आहे, असं विचारलं. तिनेच दाखवला."

"चोराने स्वतःच?"

मालक पुन्हा खिडकीकडे वळले. "शुक्रवार. पाच," एवढंच म्हणाले.

२

तक्त्याच्या खोलीला खिडकी नाही. एक अख्खी भिंत म्हणजे तक्ता: आडवे सात वार, उभे अर्धे-अर्धे तास. प्रत्येक घरात कार्यक्रमाच्या नावाचा एक पत्ता खोचलेला. आमचे पत्ते निळे, आणि समोरचे काय करतील याच्या अंदाजाचे पिवळे. हे अंदाज बांधणारा माणूस खुर्चीवर बसून पेन्सिलीला टोक काढत होता. त्यांना सगळे तक्तेमास्तर म्हणतात. कोणत्या वेळी कोणत्या घरात कोण बसलेलं असतं, कोण भाजी निवडत असतं आणि कोणाचा डोळा लागलेला असतो, हे त्यांना इथे बसून कळतं असं म्हणतात.

त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एक जुना फोटो आहे. दहा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, पाठीवर तिच्याहून मोठं दप्तर. मास्तरांची एकुलती एक. बावीस वर्षांपूर्वी गेली. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

"ती नाही, बाई," मी विचारायच्या आतच मास्तर म्हणाले.

"कशावरून?"

"तिला खोटं बोलता येत नाही. मी शिकवायचा प्रयत्न केला. या कामात थोडं लागतं."

"मग कोण?"

त्यांनी एक सरळच असलेला पत्ता उगाच सरळ केला. "तुमचं कामच ते. शोधा." मग घड्याळाकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि निघाले. साडेतीन वाजले होते.

"इतक्या लवकर?" मी धाकटीला विचारलं. ती कोपऱ्यात बसली होती, डोळे सुजलेले.

"गेल्या सोमवारपासून रोज. काकूंना बरं नसतं ना. आधी साताशिवाय हलायचे नाहीत."

"फोटो का काढलास?"

तिने तक्त्यावरच्या शनिवार सकाळच्या घराकडे बोट केलं. "मुलांचा कार्यक्रम. माझ्या म्हणण्यावरून लागलेला पहिला पत्ता. बाबांना दाखवायचा होता. ते बस चालवतात. त्यांना वाटतं, मी इथे फायली लावते."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, अक्षर तुझंच आहे ना?" ती हसायला गेली आणि रडायलाच लागली. "बाई, पत्र फिरवलं की मला कुठेच घेणार नाहीत. मला दुसरं काही येत नाही हो."

मी तिचा फोन हातात घेतला. फोटो शुक्रवारी संध्याकाळचा, स्वच्छ, एक-एक पत्ता वाचता येण्यासारखा. खरं सांगते, तेव्हा मलाही वाटलं की पोरगी अडकली.

३

प्रोमोवाला म्हणजे कार्यक्रमांच्या झलकी कापणारा. हा गृहस्थ प्रश्न विचारायच्या आधी उत्तरं देतो आणि नंतर त्याच उत्तरांवर हसतो.

"मी? मी काय विकणार? मला स्वतःला धड वेळा कळत नाहीत! बुधवार साडेआठचंच घ्या. तक्त्यावर विनोदी कार्यक्रम. मी दोन दिवस बसून झलक कापली, माझं मलाच हसू येत होतं. सोमवारी सकाळी बंद पाकीट उघडलं तर तिथे प्रश्नमंजूषा! दोन दिवस पाण्यात."

"तक्त्यावर चूक होती?"

"चूक कसली? खोड आहे म्हाताऱ्याची. तक्त्यावरचा एक पत्ता कायम खोटा. कोणता ते कोणाला सांगत नाही. म्हणे, भिंतीलाही डोळे असतात. खरा कागद स्वतः टाइप करतो, मोठ्या बाईंची सही घेतो आणि पाकीट बंद. दर हंगामाला मीच बरा सापडतो! एकदा तर..."

मी त्याला अर्ध्यावर सोडून धावत मालकांच्या खोलीत गेले. या वयात धावणं शोभत नाही, पण गेले. कात्रण उचललं आणि बुधवारची ओळ शोधली.

आठ वीस. प्रश्नमंजूषा, दुप्पट बक्षिसाची.

समोरच्यांनी विनोदी कार्यक्रमावर नेम धरलाच नव्हता. त्यांना खरा पत्ता ठाऊक होता. धाकटीच्या फोटोत मात्र त्या घरात विनोदी कार्यक्रमच होता. म्हणजे ज्याने कोणी वेळा दिल्या, त्याने तक्ता पाहून दिल्या नव्हत्या. धाकटीही सुटली आणि दोन दिवस पाण्यात घालवलेला प्रोमोवालाही.

खरा कागद पाहिलेली माणसं दोनच होती.

मी तसं मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "पत्त्यांचे खेळ मला सांगू नका. फोटो आहे. नसेल ती, तर दुसरं नाव आणा."

४

कार्यक्रमप्रमुखांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. त्यांनी गुरुवारी सकाळी मला बसायलाही सांगितलं नाही.

"महिन्यापूर्वी तुम्ही समोरच्यांच्या प्रमुखाबरोबर कॉफी पीत होतात," मी म्हणाले. "कँटीनवाल्याने पाहिलं."

"कँटीनवाल्याला दुसरे उद्योग नाहीत?" मग त्यांचा आवाज खाली आला. "हो, गेले होते. नोकरी मागायला. त्यांनी कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. माझं वय झालं म्हणे. आता सांगा मालकांना आणि घ्या वाहवा."

वेळापत्रक हातात असलेल्या माणसाने ते विकलं असतं तर बदल्यात खुर्ची मागितली असती. या बाई जुन्याच खुर्चीत होत्या, आणि त्या खुर्चीचा एक पाय डगमगत होता.

"समोरच्यांनी अकरा ठिकाणी आपल्याला मारलं," मी विचारलं. "कुठे चुकले का ते?"

"एका ठिकाणी." त्या पहिल्यांदा हसल्या. "दुपारी चार. चारला तीन वर्षं त्यांचाच कार्यक्रम पहिला होता. तो उचलून त्यांनी तिथे बावीस वर्षांपूर्वीची एक रंग उडालेली मालिका लावली. आपल्या पायावर आपणच धोंडा पाडून घेतला. आपला स्वयंपाकाचा कार्यक्रमसुद्धा पुढे गेला!"

"का लावली असेल?"

"देव जाणे. ती मालिका आपण विकत घ्यावी म्हणून आपल्याकडेही प्रस्ताव आले होते. मी नाकारले."

"कोणी दिले होते?"

"आठवत नाही. फाइलीत असेल."

फाइल निघायला दुपार झाली. दोन वर्षांत तीन प्रस्ताव. तिन्ही एकाच सुवाच्य अक्षरात, पेन्सिलीने आखलेल्या समासात. तिन्हींवर लाल पेनाने दोनच शब्द: "कोण पाहणार?"

अक्षर माझ्या ओळखीचं होतं. तक्त्यावरचे निम्मे पत्ते त्याच अक्षरात आहेत.

५

चारला पाच कमी असताना मी कँटीनमध्ये गेले आणि समोरच्यांची वाहिनी लावायला सांगितली. कँटीनवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चपला घालून शिरले.

मालिका सुरू झाली. एक घर, एक ओटा, एक आई. दार धाडकन उघडतं, दप्तर भिरकावलं जातं आणि एक मुलगी ओरडते, "आई, मी आले!" दोन वेण्या. हसली तेव्हा पुढचा अर्धा दात दिसला.

मी पुढचं काही पाहिलं नाही. हिशेब लागला होता, आणि लागायला नको होता असं वाटत होतं.

फुकट कोणी काही देत नाही. अकरा वेळा मिळाल्या, त्याच्या बदल्यात समोरच्यांनी काय दिलं, हा खरा प्रश्न होता. त्यांनी आपलं सगळ्यात चालणारं दुपारचं घर रिकामं करून दिलं. ते घर मोठ्या बाईंना नको होतं. त्यांनी तर तीनदा नाकारलं होतं. ते हवं असलेला माणूस एकच. खरा कागद टाइप करणारा. पत्ते लावण्यात ज्याचा जन्म गेला, आणि नव्या हंगामाच्या पहिल्या सोमवारपासून जो रोज साडेतीनला घरी जातो.

शुक्रवारी मी साडेतीनला तक्त्याच्या खोलीत गेले. मास्तर निघून गेले होते. धाकटी टेबलाचे खण रिकामे करून पिशवीत भरत होती. मी तिला थांब म्हणाले, मास्तरांच्या घराचा पत्ता घेतला आणि रिक्षा केली.

६

रिक्षाने पाच मिनिटांवर दोन खोल्यांचं घर, तळमजला. दाराला बाहेरून कडी, कडीला कुलूप. माझ्या मागोमाग मास्तर औषधांच्या दुकानातून आले आणि मला पाहून थबकले. मग त्यांनी शांतपणे कुलूप काढलं.

आत एक बाई टीव्हीसमोर बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले. दोन्ही मनगटं काळीनिळी. सोबतीला बसवलेली शेजारीण उठून गेली.

"अगं, बाई आल्यात," मास्तर म्हणाले.

त्या लगबगीने उठल्या. पदर सारखा केला. "शाळेतल्या ना? बसा, बसा. येईलच आता ती."

मास्तरांनी मला आतल्या खोलीत नेलं.

"तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "माझं नावसुद्धा आठवत नाही तिला. पण चार वाजले की शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. दोनदा रस्त्यात पडली. मग मी कुलूप लावायला लागलो. तर कुलपावर हात आपटायची. रक्त येईपर्यंत. रोज चारला, बाई. एक दिवस खाडा नाही. आता पडद्यावर मुलगी घरी आली की शांत होते."

"तुम्ही मालिकेची नक्कल मागायची होती," मी म्हणाले.

"मागितली. पत्रं लिहिली. टेपा त्यांच्या, बाहेर द्यायचं त्यांचं धोरण नाही. आपल्याकडे प्रस्ताव दिले, ते तुम्ही पाहिलेच असतील. शेवटी त्यांच्या तक्तेवाल्याला सिग्नलला गाठलं. तो म्हणाला, टेपा माझ्या हातात नाहीत, वेळ आहे." मास्तर पलंगाच्या कडेवर बसले. "आम्हा लोकांच्या हातात वेळेखेरीज असतंच काय? त्याने एक घर दिलं, मी अकरा दिली."

"आणि धाकटी?"

त्यांनी औषधांची पिशवी उशाशी ठेवली.

मला राग आला, अगदी आतून. "मास्तर, तिचा बाप बस चालवतो. एक पत्ता लागला म्हणून पोरीने त्याला फोटो दाखवला. तुमची मुलगी घरी यावी म्हणून तुम्ही त्याची रस्त्यावर आणलीत."

"ठाऊक आहे." त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला. "बुधवारीच लिहिलं. रोज ठरवतो, आज देऊ. मग चार वाजतात. बावन्नपैकी एकोणचाळीस भागांत आहे ती. नंतर मालिकेत तिला मामाकडे पाठवलं. तेव्हा ती दवाखान्यात होती." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "भाग उतरवून घेतोय रोज. सगळे जमले की तेच लावत बसेन, कुणाचं काही नको, असं ठरवलं होतं. नऊ झालेत. आजचा दहावा होऊ द्या, मग करा फोन."

चारला दहा कमी होते. "फोन आत्ताच होईल," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "करा. बरोबर आहे तुमचं."

मी मालकांना कबुली वाचून दाखवली. धाकटीच्या पत्राचा कागद फाडल्याचा आवाज मी फोनवर ऐकला, आणि मगच फोन ठेवला. मास्तर तोवर बाहेरच्या खोलीत जाऊन टीव्हीसमोर बसले होते, बायकोचा हात हातात घेऊन.

चार वाजले.

गाणं लागलं. रंगीत दिवे, टाळ्या, एक सूत्रसंचालक हात पसरून आला. समोरच्यांचा जुना, तीन वर्षं पहिला असलेला कार्यक्रम.

"माझ्या फोनमुळे का?" माझ्या तोंडून निघालं.

"नाही हो. दहा मिनिटांत कोणी काही बदलत नाही." मास्तर पडद्याकडेच बघत होते. तीस वर्षांचा त्यांचा धंद्यातला आवाज होता तो, अगदी सपाट. "आकडे आले असतील. चारला कोणी नव्हतं. प्रेक्षक मोजायचं यंत्र थोड्याच घरांत असतं. आमच्या घरात नाही. त्यांचं काम झालं, घर परत घेतलं. मी त्यांच्या जागी असतो तर पहिल्याच आठवड्यात घेतलं असतं."

काकू उठून दाराकडे निघाल्या. मास्तर धडपडत उठले, रेकॉर्डिंगची बटणं दाबू लागले. पडद्यावर ओटा आला, आई आली, दार धाडकन उघडलं. "आई, मी आले!"

काकू वळल्या. क्षणभर चेहरा असा उजळला की मला वाटलं, निभावलं. मग त्या पडद्याजवळ गेल्या आणि मुलीकडे निरखून पाहू लागल्या.

"ही काल आली ती," त्या म्हणाल्या. "निळी रिबीन कालची. आजची कुठंय?"

मास्तरांनी दुसरा भाग लावला. "ही परवाची." तिसरा लावला. काकूंनी तो पुरता पाहिलाही नाही. नवऱ्याचं नाव विसरलेल्या त्या बाईला मुलगी कोणत्या दिवशी घरी आली ते चोख लक्षात होतं. नऊही भाग त्यांनी आईच्या हिशेबाने मोजून ठेवले होते. मास्तरांचा सगळा बेत याच एका गोष्टीवर उभा होता की काकू विसरतील.

त्या दाराशी गेल्या. कडी आतून लावलेली होती. त्यांनी तिच्यावर एकदा हात आपटला. मग त्यांना माझी आठवण झाली असावी, कारण त्या माझ्याकडे आल्या आणि माझा हात धरला. काळ्यानिळ्या मनगटाचा तो हात गरम होता.

"बाई, आज मुलांना उशिरा सोडलंत का?"

तीस वर्षांत मी कोणाशी खोटं बोलले नाही. लोक त्यावरूनही थट्टा करतात.

"हो," मी म्हणाले. "आज जरा उशीर होईल."

"किती वाजता येईल मग?"

मी मास्तरांकडे पाहिलं. आयुष्यभर लोकांच्या संध्याकाळी अर्ध्या-अर्ध्या तासांत कापून वाटणारा तो माणूस रिमोट हातात धरून उभा होता.